उपवासाच्या आदल्या रात्रीचे गीत आणि त्याचा कर्ता : हुआन देल एन्सिना

१

ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होण्यापूर्वी खाण्यापिण्याचा आणि गाण्याबजावण्याचा जो उत्सव युरोपात साजरा होतो, त्याला स्पेनच्या पश्चिम भागात जुन्या काळी ‘आन्त्रुएहो’ म्हणत. या उत्सवाच्या स्पॅनिश गीतांचा विचार करू लागले की एक गीत हटकून समोर येते. सोबत्यांना मेजवानीचे आवाहन करणारे, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी दुसऱ्या दिवसापासून पाळावयाच्या उपवासाची आठवण देणारे असे हे चार स्वरांतील गीत आहे. जुन्या युरोपीय संगीताचे गायकवृंद ते आजही आवडीने सादर करतात. त्यातील भाषा खेडवळ आहे, गाणारे मेंढपाळ आहेत, चाल पहिल्याच ऐकण्यात लक्षात राहण्याजोगी आहे. त्यामुळे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले लोकगीत असावे, असा ऐकणाऱ्याचा समज होणे स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात हे गीत लोकपरंपरेतून आलेले नाही. सालामान्का विद्यापीठात शिकलेल्या एका कवि-संगीतकाराने ते एका सरदाराच्या वाड्यातील प्रयोगासाठी रचले. हुआन देल एन्सिना (१४६८ ते १५२९-३०) हे त्याचे नाव. स्पॅनिश नाटकाच्या आरंभकाळाचा विचार त्याच्या नावावाचून होत नाही. काव्यशास्त्र, भाषांतर, नाट्य आणि संगीत या चारही क्षेत्रांत त्याने काम केले आणि आपले कर्तेपण लोकांनी ओळखावे यासाठी तो तरुणपणापासून जागरूक राहिला. असे असता त्याची गीते त्याच्या नावापासून तुटून लोकांच्या ओठी राहिली आणि त्याचे नाव निराळ्याच अर्थाने लोकांच्या बोलण्यात शिरले. हे कसे घडले, हे त्याच्या जीवनक्रमाच्या आधारे पाहण्याचा आणि त्या जीवनक्रमाच्या प्रकाशात हे गीत पुन्हा वाचण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२

एन्सिनाचे मूळ नाव हुआन दे फेर्मोसेल्ये. त्याचे वडील सालामान्का येथे चांभारकाम करीत. कुटुंब मोठे होते आणि हातावर पोट असलेले होते. तथापि या घरातील मुलांना संगीताची आणि विद्येची वाट सापडली. दिएगो हा एक भाऊ पुढे सालामान्का विद्यापीठात संगीताचा अध्यापक झाला. मिगेल हा दुसरा भाऊ तेथील कॅथीड्रलच्या सेवेत होता. कारागिराच्या मुलाला वर चढण्यासाठी त्या समाजात चर्च आणि विद्यापीठ हे दोनच जिने उपलब्ध होते. सालामान्का नगरीत हे दोन्ही जिने एकमेकांना लागून होते.

१४८४ मध्ये हुआन कॅथीड्रलच्या गायकवृंदात मुलगा म्हणून दाखल झाला. १४९० मध्ये त्याला गायकवृंदातील चॅपलेनची जागा मिळाली. परंतु त्या जागेसाठी आवश्यक असलेली गुरुदीक्षा त्याने घेतलेली नव्हती आणि त्यामुळे ती जागा त्याच्याकडे टिकली नाही. चर्चच्या आश्रयाने जगणे आणि दीक्षा मात्र पुढे ढकलणे, हा त्याच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसणारा प्रकार येथे प्रथम आढळतो. याच सुमारास तो फेर्मोसेल्येऐवजी एन्सिना हे नाव लावू लागला. स्पॅनिशमध्ये एन्सिना हे ओक जातीच्या एका सदाहरित वृक्षाचे नाव आहे. नाव बदलण्याचे कारण काहीही असो, यापुढे चांभाराचा मुलगा या ओळखीऐवजी स्वतः निवडलेल्या ओळखीने तो वावरू लागला, एवढे निश्चित.

विद्यापीठात त्याने कायद्याचा अभ्यास केला. आन्तोनिओ दे नेब्रिहा या व्याकरणकाराचा प्रभाव त्याच्या लेखनावर स्पष्ट दिसतो. नेब्रिहाने १४९२ मध्ये कास्तिलियन भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. लोकभाषेलाही लॅटिनप्रमाणे नियम असू शकतात आणि ती शास्त्राचा विषय होऊ शकते, हा त्यामागील विचार होता. एन्सिनाने हाच विचार काव्याच्या क्षेत्रात नेला आणि कास्तिलियन काव्यरचनेवर एक छोटा प्रबंध लिहिला. विद्यापीठाचे एक श्रेष्ठ अधिकारी गुतिएरे दे तोलेदो यांची त्याच्यावर मर्जी होती. ते आल्बाच्या ड्यूकचे बंधू होते. या ओळखीतून एन्सिनाला ड्यूकच्या घराण्याचे दार उघडले.

३

दुसरे ड्यूक फाद्रिके आल्वारेस दे तोलेदो यांचा वाडा सालामान्कापासून सुमारे २० किलोमीटरवर आल्बा दे तोर्मेस येथे होता. १४९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एन्सिना त्यांच्या पदरी राहिला. सणावारी काव्य, संगीत आणि नाट्य सादर करणे हे त्याचे काम होते. नाताळ, ईस्टरपूर्वीचा पवित्र आठवडा आणि आन्त्रुएहो या प्रसंगांसाठी त्याने ‘एक्लोग’ म्हणजे मेंढपाळांची छोटी संवादनाट्ये लिहिली. रोमन कवी व्हर्जिल याच्या मेंढपाळकाव्यांचे त्याने कास्तिलियनमध्ये रूपांतर केले होते आणि ते करताना मूळ आशय फेर्नान्दो व इसाबेल यांच्या राजवटीला लागू करून घेतला होता. ‘एक्लोग’ ही संज्ञा त्याने तेथूनच घेतली. पण त्याच्या नाट्यांतील मेंढपाळ व्हर्जिलच्या मेंढपाळांसारखे सुसंस्कृत बोलत नाहीत. ते ‘सायागेस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेडवळ बोलीत बोलतात, भांडतात आणि खातात. सामोराजवळच्या सायागो या भागावरून हे नाव पडले असले, तरी रंगभूमीवरील ही बोली बरीचशी बेतलेली आहे. लेओनी बोलीतील काही रूपे घेऊन नागर प्रेक्षकांना हसू यावे अशा रीतीने ती रचली गेली.

आन्त्रुएहोच्या रात्रीसाठी एन्सिनाने लिहिलेली दोन नाट्ये १४९६ च्या संग्रहात पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर आहेत. पहिल्यात मेंढपाळ दुःखी आहेत, कारण फ्रान्सशी युद्ध होणार आणि आपला धनी, म्हणजे ड्यूक, त्यात जाणार अशी वार्ता आली आहे. मग शांततेची वार्ता येते आणि शोकाची जागा आनंद घेतो. दुसरे नाट्य खाण्यापिण्याचे आहे. एक मेंढपाळ सोबत्यांना मांसाहार आणि उपवास यांच्यातील युद्ध आपण कसे पाहिले याचे वर्णन ऐकवतो. ही कल्पना जुनी आहे. चौदाव्या शतकातील हुआन रुइस या धर्मगुरू-कवीच्या प्रसिद्ध काव्यात ‘दोन कार्नाल’ आणि ‘दोन्या क्वारेस्मा’ यांच्या सैन्यांचे विस्तृत युद्ध आहे. एकीकडे मांस आणि पक्षी, दुसरीकडे मासे आणि भाज्या असे तेथे सैन्य उभे असते. एन्सिनाने ते युद्ध मेंढपाळाच्या तोंडी घालून थोडक्यात आटोपले आहे. या नाट्याच्या शेवटी सर्व पात्रे मिळून जे गातात, तेच प्रस्तुत गीत होय.

गीताचा अर्थ नीट कळावा म्हणून त्या काळच्या उपवासाचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळता, चाळीस दिवसांचा हा काळ असे. त्यात मांस वर्ज्य होते. अंडी, दूध, चीज आणि प्राणिज चरबी हीही सर्वसाधारणपणे वर्ज्य मानली जात. धर्मयुद्धाच्या निधीसाठी पोपच्या अनुमतीने विकल्या जाणाऱ्या पत्रकामुळे स्पेनमध्ये काही सूट मिळे. पण ती पैसे मोजून घ्यावी लागे. समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशात या काळात खारवलेली सार्डिन मासळी, कडधान्ये आणि भाजी यांवरच भागवावे लागे. हिवाळ्याच्या तोंडाशी मारलेल्या डुकराचे उरलेसुरले मांस आणि चरबी त्यापूर्वी संपवणे ही घरोघरची गरज होती. आन्त्रुएहोच्या चैनीमागे असा व्यवहारही होता.

गीताची रचना ‘विल्यान्सिको’ या प्रकारातील आहे. आज या शब्दाने स्पेनमध्ये नाताळचे गीत सूचित होते; एन्सिनाच्या काळी मात्र ध्रुवपद, कडवे आणि कडव्याच्या शेवटी ध्रुवपदाकडे परतणारी यमके अशी बांधणी असलेल्या कोणत्याही विषयावरील गीताला हे नाव होते. या गीतात आन्त्रुएहोला एक संत कल्पिले आहे आणि पोट भरणे ही त्याची उपासना ठरवली आहे. सर्वांनी आज तृप्त व्हावे हा गावपंचायतीचा रिवाज असल्याचेही सांगितले आहे. धर्म आणि ग्रामसंस्था या दोन्ही अधिकारपीठांचा शिक्का खादाडपणावर मारण्याची ही विनोदी युक्ती आहे. चारही स्वर बहुतांश एकत्र चालतात, अक्षराला एक सूर मिळतो, आणि म्हणून शब्द झाकले जात नाहीत.

येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावी लागते. गीताच्या उत्तरार्धात दुसऱ्या दिवसाचा उल्लेख येतो तेव्हा उपवासासोबत मृत्यूचेही नाव घेतले जाते. त्यानंतर मेंढपाळांनी कळपाकडे परत निघण्याची गोष्ट येते आणि शेवटचा घास वाटेने चालतानाच खाल्ला जाणार असल्याचे कळते. मेजवानी चालू असतानाच ती संपते आहे आणि गाणाऱ्यांना काम खुणावते आहे. गीताला निव्वळ चैनीचे गीत म्हणणाऱ्यांच्या दृष्टीतून हा भाग निसटतो.

४

ड्यूकच्या वाड्यात मेंढपाळाचा वेष घालून एन्सिना स्वतःही उभा राहत असे. संग्रहातील पहिल्या नाट्यात हुआन नावाचा मेंढपाळ डचेसला काव्य अर्पण करतो. मातेओ नावाचा दुसरा मेंढपाळ निंदकांची भूमिका घेऊन त्याला टोचतो. त्यावर हुआन उत्तर देतो की आपली रचना लोक चोरत आहेत आणि बिघडवत आहेत. म्हणून आपण सर्व कृती एकत्र करून प्रसिद्ध करणार आहोत. मेंढपाळी बोलीपलीकडे आपली धाव नाही, असे म्हणणाऱ्यांची तोंडे त्यामुळे बंद होतील. नाताळच्या भक्तिनाट्यात कर्त्याने स्वतःच्या ग्रंथाची अशी घोषणा करणे त्या काळाच्या मानाने धीटपणाचे होते. आपली कृती आपल्या नावापासून तुटेल ही भीती त्याला तेव्हाच वाटत होती, याचा हा सबळ पुरावा होय.

घोषणेप्रमाणे १४९६ च्या जूनमध्ये सालामान्का येथे त्याचा ‘कान्सिओनेरो’ छापून बाहेर पडला. स्पेनमध्ये छपाई येऊन तेव्हा पुरी पंचवीस वर्षेही झाली नव्हती. एका जिवंत कवीने स्वतःच्या समग्र कृती स्वतः मांडून, राजा-राणी, राजपुत्र आणि ड्यूक दांपत्याला निरनिराळी अर्पणे लिहून प्रसिद्ध कराव्यात, ही घटना नवी होती. काव्यशास्त्रावरील प्रबंध युवराज हुआन याला अर्पण केलेला आहे. ग्रंथातील रचना चौदाव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंतच्या असल्याचे कर्त्याने नमूद केले आहे. १५०१ ते १५१६ या काळात सेव्हिया, बुर्गोस, सालामान्का आणि सारागोसा येथून या ग्रंथाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या, यावरून त्याला लाभलेली लोकप्रियता कळते.

परंतु या ग्रंथात एक उणीव राहिली. त्यात गीतांचे शब्द आहेत, स्वरलेखन नाही. ते राजदरबारी वापरल्या गेलेल्या एका हस्तलिखितात राहिले. त्याला आज ‘कान्सिओनेरो दे पालासिओ’ म्हणतात. शब्द छापील ग्रंथात आणि स्वर हस्तलिखितात अशी ही गीतांची फाळणी जवळजवळ चार शतके टिकली. शिवाय आपल्या अभंगांत संतकवींची नाममुद्रा असते तशी सोय या गीतांच्या अंतिम कडव्यात नव्हती. ग्रंथ हाताशी नसलेल्या गायकाला कर्त्याचे नाव आठवून देणारे गीतात काहीच नव्हते.

५

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतरच्या दोन वर्षांत एन्सिनाच्या आशा दोनदा कोसळल्या. १४९७ च्या ऑक्टोबरमध्ये युवराज हुआन सालामान्का येथेच वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मरण पावला. ज्या भावी राजाच्या आश्रयाची अपेक्षा होती, त्याच्यासाठी एन्सिनाला शोककाव्य लिहावे लागले. पुढील वर्षी सालामान्का कॅथीड्रलमधील गायकाचे पद रिकामे झाले. मुलगा म्हणून ज्या जागी गायला सुरुवात केली, तेथेच स्थिर होण्याची ही संधी होती. मंडळात दोन तट पडले आणि अखेर पद लूकास फेर्नान्देस या वयाने लहान असलेल्या, त्याच्याच वळणाची नाट्ये लिहिणाऱ्या प्रतिस्पर्ध्याकडे गेले. १४९८ च्या नाताळाचे मानले जाणारे ‘मोठ्या पावसाचे’ नाट्य याच प्रसंगाशी जोडलेले आहे. पावसाने अडकून पडलेले मेंढपाळ रिकाम्या झालेल्या चर्चच्या जागेविषयी बोलतात आणि हुआन नावाच्या मेंढपाळाला ती मिळावी की नाही याची चर्चा करतात. त्यातील कडवटपणा लपत नाही.

यानंतर एन्सिना रोमला गेला. तेव्हा तेथे सहावा अलेक्झांडर हा बोर्जा घराण्यातील स्पॅनिश पोप होता, आणि स्पेनमधून आलेल्या महत्त्वाकांक्षी माणसांना तेथे वाव होता. देशात जी जागा मिळाली नाही ती पोपच्या सहीने मिळवता येईल, असा त्याचा हिशेब होता आणि तो बराचसा खरा ठरला. १५०८ मध्ये दुसरा ज्यूलिअस या पोपने त्याला मालागाच्या कॅथीड्रलचे आर्चडीकनपद दिले. मालागा हे शहर १४८७ मध्ये मुसलमान राजवटीकडून जिंकून घेतलेले होते. तेथील ख्रिस्ती धर्मसंस्था नवी होती. एन्सिना प्रथम प्रतिनिधीमार्फत आणि नंतर स्वतः तेथे रुजू झाला. पण त्याने अद्याप दीक्षा घेतलेली नव्हती, आणि तो वारंवार रोमला जाऊन राही. या दोन्ही कारणांवरून मंडळाशी त्याचे खटके उडत राहिले.

रोममधील वास्तव्यात त्याचे नाटक बदलले. ६ जानेवारी १५१३ रोजी आर्बोरेआचे कार्डिनल म्हणून ओळखले जाणारे हाइमे सेर्रा यांच्या घरी त्याचे एक मेंढपाळनाट्य झाल्याची नोंद मान्तुआच्या दरबाराला पाठवलेल्या पत्रात मिळते. हे नाट्य ‘प्लासिदा आणि विक्तोरिआनो’ असावे असे सामान्यतः मानले जाते. या नाट्यात प्रेमभंगामुळे नायिका आत्महत्या करते आणि व्हीनस देवतेच्या कृपेने पुन्हा जिवंत होते. मृतांसाठीच्या चर्चच्या प्रार्थनेचे विडंबन त्यात आहे. १५५९ मध्ये स्पेनच्या धर्मन्यायपीठाने निषिद्ध ग्रंथांची जी सूची काढली, तीत या नाट्याचा समावेश झाला. ज्या नाट्याला कार्डिनलच्या घरी टाळ्या मिळाल्या, ते कर्त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी वाचणे गुन्हा ठरले.

६

१५१९ हे एन्सिनाच्या आयुष्यातील वळण होय. पन्नाशी पुरी झाल्यावर त्याने अखेर गुरुदीक्षा घेतली आणि रोमहून जेरुसलेमच्या यात्रेला प्रस्थान ठेवले. वाटेत सेव्हियाचे एक मोठे सरदार, तारिफाचे मार्क्विस फाद्रिके एन्रिकेस दे रिबेरा यांच्याशी गाठ पडून ती यात्रा त्यांच्या सोबतीने पुरी झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जेरुसलेमच्या सियोन टेकडीवर त्याने आपली पहिली मिस्सा अर्पण केली. या यात्रेचे ‘त्रिबाखिआ’ हे काव्यमय वर्णन १५२१ मध्ये रोमला प्रसिद्ध झाले. त्याची शैली गंभीर, काहीशी जड आहे. पूर्वीच्या गीतांतील लवचीकपणा त्यात नाही.

१५१९ मध्येच दहावा लिओ या पोपने त्याची लेओनच्या कॅथीड्रलचा प्रायर म्हणून नेमणूक केली होती. आयुष्याची अखेरची वर्षे त्याने लेओन येथे शांतपणे काढली. १५२९ च्या अखेरीस किंवा १५३० च्या अगदी आरंभी तेथेच त्याचा मृत्यू झाला. १५३४ मध्ये त्याच्या अस्थी सालामान्का येथे आणून कॅथीड्रलच्या गायनस्थानाखाली पुरण्यात आल्या. जे पद जिवंतपणी मिळाले नाही, त्या पदाच्या जागेपाशी तो अशा रीतीने परतला.

या चरित्रावरून दोन निरनिराळे एन्सिना कल्पिण्याचा मोह होतो. पहिला ऐहिक, विनोदी, सरदारांच्या मेजवान्यांत रमलेला. दुसरा पश्चात्तापदग्ध यात्रेकरू. त्याच्या हातचे म्हणून आज उपलब्ध असलेले सर्व संगीत ऐहिक आहे. आयुष्याचा मोठा भाग चर्चच्या उत्पन्नावर जगलेल्या या संगीतकाराची एकही धर्मसंगीतरचना हाती नाही. या वस्तुस्थितीमुळे वरील विभागणीला बळ मिळते. तरीही ती पुरती पटत नाही. आन्त्रुएहोचे गीतच तिच्या विरुद्ध साक्ष देते. त्या गीतात मेजवानी आणि उपवास हे एकाच दिनक्रमाचे लगतचे दिवस आहेत. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. पंचविशीतील कवीने आनंदाच्या भरात उद्याचा उपवास, मृत्यू आणि काम यांची आठवण ठेवली होती. पन्नाशीनंतर त्याने जे केले, ते त्या गीताच्या जगाबाहेरचे नव्हते. दीक्षा लांबणीवर टाकत गेलेल्या माणसाचा तो उद्याचा दिवस उशिरा उगवला, इतकेच.

दुसरेही एक सत्य या गीतामागे आहे. ड्यूकच्या दालनात उपाशी मेंढपाळाचा वेष घालून खादाडीचे गाणे म्हणणारा हा तरुण चांभाराचा मुलगा होता. जेवणाऱ्यांच्या मेजावर त्याला जागा नव्हती. जेवणाऱ्यांचे मनोरंजन करणे हे त्याचे काम होते. खेडवळ मेंढपाळाला हसणाऱ्या श्रोत्यांसमोर त्याने मेंढपाळाच्या तोंडून स्वतःच्या हक्काची भाषा काढली होती, हे पहिल्या नाट्यावरून दिसतेच. आन्त्रुएहोच्या गीतातील भूक म्हणूनच केवळ विनोदाचा विषय मानता येत नाही. एका रात्रीपुरती मिळणारी तृप्ती आणि सकाळी पुन्हा कळपाकडे जाणे, हा आश्रितांच्या जगण्याचाही क्रम होता.

७

एन्सिनाच्या मृत्यूनंतर त्याच्या कीर्तीची वाट वेगळीच झाली. १४९६ च्या संग्रहात त्याने गमतीखातर असंबद्ध कल्पनांची एक पद्यरचना छापली होती. ती इतकी गाजली की त्याचे नावच असंबद्धतेची म्हण बनले. सतराव्या शतकात केव्हेदो याने मृत्यूविषयीच्या आपल्या स्वप्नकथेत, म्हणींतून बदनाम झालेल्या मृतांच्या मेळ्यात त्याला उभे केले. ज्याने कास्तिलियन काव्याला नियम घालून देण्याचा प्रयत्न केला, त्याचे नाव नियमशून्य बोलण्यासाठी वापरले जावे, हा विपर्यास होता. गीतांचे स्वर तोपर्यंत ग्रंथालयात पडून होते. १८९० मध्ये फ्रान्सिस्को आसेन्हो बार्बिएरी या संगीतकार-संशोधकाने माद्रिदच्या राजवाड्यातील हस्तलिखित प्रसिद्ध केले आणि त्यात एन्सिनाच्या साठाहून अधिक रचना असल्याचे दिसून आले. शब्द आणि स्वर पुन्हा एकत्र आले ते तेव्हा.

नाट्याच्या क्षेत्रात त्याचा वारसा आधीच सीमा ओलांडून गेला होता. पोर्तुगालच्या दरबारात १५०२ मध्ये आपले पहिले नाट्य सादर करणाऱ्या जिल व्हिसेन्ते याने मेंढपाळाची खेडवळ भाषा एन्सिनापासूनच घेतली. याच व्हिसेन्तेने पुढे, १५०९ मध्ये, हिंदुस्थानच्या सफरीवर गेलेल्या खलाशाच्या घरची गोष्ट रंगभूमीवर आणली. पुढच्याच वर्षी पोर्तुगिजांनी गोवा घेतले आणि त्यांच्याबरोबर हा उपवासपूर्व उत्सवही तेथे आला. पोर्तुगीज भाषेत त्याचे जुने नाव ‘एन्त्रुदो’, स्पॅनिशमध्ये ‘आन्त्रुएहो’. दोन्ही शब्द प्रवेश या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दापासून निघाले, कारण हा उपवासकाळाच्या उंबरठ्यावरचा उत्सव आहे. गोव्यात कार्निवलला कोकणीत ‘इंत्रुज’ म्हणतात, तो याच शब्दाचा आपल्या किनाऱ्यावरील अवतार होय. एन्सिनाने ज्याला विनोदाने संतपद दिले, त्याचे नाव अशा रीतीने कोकणीत नांदते आहे.

गीत लोकप्रिय होऊन कर्त्याच्या हातून सुटणे, याला साहित्याच्या इतिहासात यशाचे लक्षण मानण्याची प्रथा आहे. एन्सिनाच्या बाबतीत हे यश त्याने मागितलेले नव्हते. त्याने नेमके उलट मागितले होते. लोकगीत म्हणून ऐकताना आपण त्यातील आनंद ऐकतो. कर्त्यासह वाचताना वाड्यातील दालन, वेष घातलेला आश्रित, चोरल्या जाणाऱ्या रचनांची चिंता आणि लांबणीवर पडलेली दीक्षा या गोष्टीही ऐकू येतात. गीताच्या शेवटी येणारे मृत्यूचे आणि कामाचे उल्लेख मग विनोदाची सजावट राहत नाहीत. परंपरागत म्हणून हाती येणाऱ्या प्रत्येक गीतामागे असा कर्ता सापडेल असे नाही. येथे तो सापडला आहे आणि त्याने आपले नाव स्वतः ग्रंथावर छापून ठेवले आहे. गीताचा विचार करताना ते नाव वगळणे अभ्यासकाला परवडणारे नाही.